‘अनधिकृत दौरा’ की ‘खासगी दौरा’? ससेक्स दांपत्याच्या परदेशभेटींसाठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे : ‘प्रिन्स हॅरी आणि मेगन यांच्या नायजेरिया व कोलंबिया भेटींवरच्या वादाबद्दल वाचताना “माजी कार्यरत शाही सदस्यांचा अनधिकृत दौरा” अशी शब्दयोजना दिसली. ती खटकते, पण नेमके काय चुकले आहे ते सांगता येत नाही. योग्य मराठी काय होईल?’

खटकते ते बरोबरच खटकते. वाद थोडक्यात असा : २०२० मध्ये राजघराण्याच्या कामातून बाहेर पडल्यावरही या दांपत्याच्या भेटी राजघराण्याच्या दौऱ्यासारख्याच दिसल्या. या सहा शब्दांतले चार अडतात आणि पाचव्याबद्दल वाद होऊ शकतो. सगळ्यात मोठी चूक ‘अनधिकृत’ या शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

‘अधिकृत’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. पक्षाचा अधिकृत उमेदवार किंवा अधिकृत विक्रेता म्हणजे ज्याला परवानगी किंवा मान्यता आहे असा. मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान म्हणजे पदामुळे मिळालेले, सरकारी. ‘अन’ लावल्यावर मात्र यातला एकच अर्थ उरतो. अनधिकृत बांधकाम, अनधिकृत शाळा, अनधिकृत फेरीवाले या सगळ्यांत परवानगी नसणे, नियम मोडणे हाच भाव आहे. पडताळा सोपा आहे. मंत्र्याच्या अधिकृत निवासस्थानाच्या विरुद्ध त्याचे ‘खासगी निवासस्थान’ असते. त्याला ‘अनधिकृत निवासस्थान’ म्हटले तर उद्या महापालिकेची नोटीस येईल असेच वाटेल. म्हणून हॅरी आणि मेगन यांचा दौरा ‘अनधिकृत’ होता असे लिहिले की त्यांनी कोणाची तरी परवानगी घ्यायला हवी होती आणि ती घेतली नाही, असा आरोप वाक्यात आपोआप शिरतो. त्यांच्यावर कठोर टीका करणाऱ्यांचेही म्हणणे तसे नाही.

‘अनौपचारिक’ हा दुसरा पर्याय अनेकदा सुचवला जातो. तोही बसत नाही. मे २०२४ मध्ये नायजेरियात त्यांनी अबुजातल्या शाळेला भेट दिली, हॅरी कडुना इथल्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांना भेटले, लागोसमध्ये स्वागतसमारंभ झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलंबियात बोगोटा, कार्ताहेना, सान बासिलियो दे पालेंके आणि काली असा चार दिवसांचा भरगच्च कार्यक्रम होता. यात अनौपचारिक काही नव्हते. उलट औपचारिकता फार दिसली, हाच तर वादाचा मुद्दा.

मग उरतो ‘खासगी’, आणि या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे. आज खासगी म्हणजे गुप्त किंवा वैयक्तिक असे आपण धरतो, म्हणून ‘कॅमेऱ्यांच्या गराड्यातला दौरा खासगी कसा?’ अशी शंका येते. पण मराठी राजव्यवहारात ‘खासगी’ ही हिशेबातली आणि कारभारातली संज्ञा होती. होळकरांकडे ‘दौलत’ (राज्याचे उत्पन्न) आणि ‘खासगी’ अशी स्पष्ट वाटणी होती. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे वेगळी खासगी जहागीर दिली. तिचे उत्पन्न दौलतीच्या तिजोरीत मिसळत नसे. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली, आणि होळकरांच्या मुलखाबाहेर त्यांनी बांधलेली देवळे, घाट आणि धर्मशाळा यांचा खर्च याच खासगीतून झाला असे सांगितले जाते. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ त्यांतलेच. ते काम जगजाहीर होते, पण खर्च दौलतीचा नव्हता. म्हणजे मराठीत ‘खासगी’चा विरुद्धार्थी शब्द ‘जाहीर’ नाही, ‘सरकारी’ आहे. हा अर्थ पुसलेला नाही. मंत्र्यांच्या दौरा-कार्यक्रमात आजही ‘खासगी दौरा’ असे छापून येते, आणि तो दौरा कोणी लपवत नाही.

या अर्थाने दोन्ही भेटी खासगीच ठरतात. राजघराण्याचा सरकारी दौरा ओळखण्याच्या खुणा ब्रिटनमध्ये पक्क्या आहेत. तो ब्रिटिश सरकारच्या विनंतीवरून होतो आणि कुठे जायचे यात परराष्ट्र खात्याचा शब्द असतो. प्रवासखर्च सार्वजनिक निधीतून होतो. जाणारी व्यक्ती राजाच्या वतीने जाते. आणि त्याची नोंद ‘कोर्ट सर्क्युलर’मध्ये होते. राजघराण्याच्या कामांचा हा रोजनामा तिसऱ्या जॉर्जने १८०३ मध्ये सुरू केला, कारण वृत्तपत्रे दरबाराबद्दल चुकीचे छापत होती. नायजेरियाचे निमंत्रण तिथल्या संरक्षण दलप्रमुखांचे होते आणि त्याचे निमित्त होते जखमी सैनिकांसाठी हॅरी यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या इन्व्हिक्टस क्रीडास्पर्धांचे. कोलंबियाचे निमंत्रण उपराष्ट्राध्यक्ष फ्रान्सिया मार्केस यांचे होते. लंडनने कोणालाच पाठवले नव्हते.

पण इथे अनुवादकाने एक गोष्ट विसरू नये. दौरा पाठवणाऱ्याच्या बाजूने खासगी असला तरी बोलावणाऱ्याच्या बाजूने सरकारी असू शकतो. कोलंबियात उपराष्ट्राध्यक्ष स्वतः पाहुण्यांबरोबर फिरत होत्या आणि सुरक्षा तिथल्या सरकारची होती. त्यामुळे खर्चाचे प्रश्न ब्रिटनमध्ये नाही, कोलंबियात विचारले गेले. १९३७ चे उदाहरण याहून ठळक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राज्यत्याग केलेले आठवे एडवर्ड, म्हणजे विंडसरचे ड्यूक, ऑक्टोबर १९३७ मध्ये पत्नीसह जर्मनीला गेले. कामगारांची घरे आणि कारखाने पाहायचे असे कारण दिले होते. ब्रिटिश सरकारच्या लेखी तो खासगी दौरा होता. जर्मनीत मात्र खर्च नाझी राजवटीने उचलला, थाटामाटाने स्वागत केले आणि हिटलरची भेटही झाली. एकच दौरा, एका राजधानीत खासगी आणि दुसरीत जवळजवळ सरकारी. म्हणून नुसते ‘खासगी दौरा’ लिहून थांबण्यापेक्षा निमंत्रण कोणाचे ते त्याच वाक्यात सांगावे : ‘कोलंबियाच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या निमंत्रणावरून केलेला खासगी दौरा’. चार शब्द वाढतात, पण वाचकाला खरी स्थिती कळते.

इथे हिंदीतून येणारा एक सापळाही आहे. दोन राष्ट्रप्रमुखांमधल्या सर्वोच्च दर्जाच्या भेटीला हिंदीत ‘राजकीय यात्रा’ म्हणतात. मराठीत ‘राजकीय’ म्हणजे राजकारणाचे. ‘राजांचा राजकीय दौरा’ असे लिहिले तर ते प्रचाराला निघाले असे वाटेल, आणि ब्रिटिश राजाला पक्षीय राजकारणापासून दूर राहावे लागते. आपण ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ म्हणतो, ‘राजकीय सन्मान’ म्हणत नाही. तोच ‘शासकीय’ इथे वापरावा.

‘शाही’ टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. आदिलशाही, लोकशाही यांत तो राज्यपद्धती सांगतो. सुटा विशेषण म्हणून आला की थाट सांगतो : शाही विवाह, शाही मेजवानी, शाही पनीर. ‘शाही दौरा’ म्हटले की डोळ्यांपुढे आलिशान सहल येते. कोलंबियात पालेंकेसारख्या गावातल्या कार्यक्रमाला तो शब्द लावला की वाचकाचे मत आधीच बनते. ‘राजघराण्याचा दौरा’ म्हणावे.

आता ‘माजी कार्यरत’. ‘कार्यरत’ म्हणजे सध्या कामात असलेला. त्याच्या आधी ‘माजी’ लावला की दोन पाय दोन दिशांना जातात. ‘माजी’ मराठीत पदाला चिकटतो : माजी आमदार, माजी सरपंच. इथे तो कशाला चिकटतो ते वाचकाला कळत नाही आणि तो सोयीने ‘माजी शाही सदस्य’ किंवा ‘माजी राजपुत्र’ असे वाचतो. हे तर साफ चूक. हॅरी आजही राजपुत्र आहेत, वारसाक्रमात आहेत. आपल्याकडचा ‘माजी संस्थानिक’ हा शब्द बरोबर आहे, कारण १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपले. हॅरी यांच्या बाबतीत तसे काही झालेले नाही. ‘राज्यत्याग’ही चालणार नाही. तो आठव्या एडवर्डनी केला, कारण त्यांच्याकडे सोडायला राज्य होते.

शिवाय ‘वर्किंग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ नोकरी करणारा असा घेऊ नये. राजा चार्ल्स यांच्या पुतण्या बिआट्रिस आणि युजिनी या दोघी राजकन्या नोकरी करतात, आणि तरीही त्या ‘वर्किंग रॉयल’ नाहीत. ‘नोकरदार’ किंवा ‘कामकाजी’ लिहिले तर अर्थ नेमका उलटा होतो. ही कायद्यातली संज्ञा नाही, राजवाड्याच्या व्यवहारातली आहे. राजाच्या वतीने सार्वजनिक कामे करणारा तो ‘वर्किंग’. मराठीत सरळ ‘राजघराण्याची कामे करणारे’ म्हणावे, आणि हॅरी-मेगनसाठी ‘राजघराण्याच्या कामातून बाहेर पडलेले’. एकच शब्द हवा असा हट्ट धरला की ‘राजसदस्य’सारखे घडवलेले शब्द येतात आणि वाचक अडखळतो.

आपल्याकडे ‘मानकरी’ हा जिवंत शब्द आहे, त्याने ही गुंतागुंत चांगली उलगडते. गावच्या जत्रेत पालखीचा पहिला मान ज्या घराण्याचा, ते घराणे गावचा कारभार बघतेच असे नाही. मान वंशाने येतो, काम नेमणुकीने. बिआट्रिस आणि युजिनी यांच्याकडे मान आहे, नेमून दिलेले काम नाही. जानेवारी २०२० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या सँड्रिंगहॅम निवासस्थानातल्या बैठकीत जे ठरले तेही याच भाषेत सांगता येते. १८ जानेवारीच्या निवेदनानुसार हे दांपत्य ‘हिज रॉयल हायनेस’ आणि ‘हर रॉयल हायनेस’ ही संबोधने वापरणार नाही आणि राणीचे औपचारिक प्रतिनिधित्व करणार नाही. ३१ मार्च २०२० पासून हे लागू झाले. म्हणजे काम सुटले. मान उरला, पण त्यातला काही भाग पेटीत ठेवायचा असे ठरले.

यात क्रियापद जपून वापरावे. ‘उपाध्या काढून घेतल्या’ हे हॅरींबद्दल खरे नाही. संबोधन आहे, ते वापरत नाहीत. ससेक्सचे ड्यूक हा किताब आहे आणि ते तो वापरतात. परत गेले ते मानद लष्करी हुद्दे, उदाहरणार्थ रॉयल मरीन्सचे कॅप्टन जनरलपद, फेब्रुवारी २०२१ मध्ये. ‘काढून घेतले’ हे क्रियापद राजा चार्ल्स यांचे भाऊ अँड्र्यू यांच्यासाठी राखून ठेवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजाने त्यांचे किताब आणि संबोधन काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केली, आणि ते आता अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर या नावाने ओळखले जातात. संबोधन, किताब आणि हुद्दा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना ‘पदवी’ म्हटले की गोंधळ ठरलेला, त्यातून पदवी आता विद्यापीठाची झाली आहे.

‘कुटुंब’ आणि ‘घराणे’ यांतला फरकही इथे कामाला येतो. इंग्रजीत इथे दोन्हींसाठी ‘फॅमिली’ हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे राजवाड्याला वाक्ये लांबवावी लागतात. फेब्रुवारी २०२१ च्या निवेदनाचा आशय असा होता की राजघराण्याच्या कामापासून दूर गेल्यावर सार्वजनिक सेवेच्या जबाबदाऱ्या ठेवता येत नाहीत, मात्र दोघे कुटुंबाचे लाडके सदस्य राहतील. मराठीत हे दोन शब्दांत होते : घराण्याच्या कामातून बाहेर, कुटुंबात कायम. ही सोय हाताशी असताना दोन्हीकडे ‘शाही परिवार’ लिहिणे म्हणजे मूळ निवेदनातला सगळा तोल घालवणे.

परदेशभेटींच्या वादात दोन्ही बाजू नेमके कशावर भांडतात ते या शब्दांमुळे स्पष्ट होते. टीकाकार म्हणतात, काम सोडले पण कामाचे रूप सोडले नाही. शाळा, रुग्णालय, नृत्य, मान्यवरांच्या भेटी हा साचा राजघराण्याच्या दौऱ्याचाच आहे, आणि यजमान देशातल्या माणसाला हे राजाचे प्रतिनिधी वाटू शकतात. नायजेरिया राष्ट्रकुलात आहे आणि राष्ट्रकुलाचे प्रमुख चार्ल्स आहेत, त्यामुळे तिथे ही शंका जास्त टोकदार होते. समर्थक म्हणतात, सेवा ही कोणा घराण्याची मक्तेदारी नाही. ब्रिटनच्या करदात्याचा पैसा लागत नसेल तर निमंत्रण स्वीकारायला हरकत काय? सरकारी प्रतिनिधित्वाचा दावा नसताना शाळा आणि रुग्णालये पाहणे हा गुन्हा होत नाही, आणि इन्व्हिक्टसचे काम खरे आहे, म्हणून समर्थकांची बाजू मला अधिक पटते. २०२० च्या चर्चेत इंग्रजीत ‘अर्धे आत, अर्धे बाहेर’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग गाजला. तो शब्दशः आणू नये. आपल्याकडे ‘तळ्यात-मळ्यात’ आहे. राणीने तळ्यात-मळ्यात चालणार नाही असे ठरवले, हे वाक्य लहान मुलालाही कळेल.

राहिला ‘दौरा’. काहींचे म्हणणे असे की दौरा अधिकाऱ्याचा असतो, साध्या माणसाची असते ती भेट किंवा सहल. मूळ अर्थ फेरी असाच आहे आणि जिल्हाधिकाऱ्याच्या फिरतीमुळे त्याला सरकारी वास लागला हे खरे. पण क्रिकेट संघही दौऱ्यावर जातो, गायकही जातो. एका शहरापुरते असेल तर ‘भेट’, चार शहरांचा आखीव कार्यक्रम असेल तर ‘दौरा’, एवढा भेद पुरे. ‘परदेशवारी’ मात्र बातमीत नको, त्यात उपहासाची छटा आली आहे.

तेव्हा मूळ ओळ अशी लिहावी : ‘राजघराण्याच्या कामातून बाहेर पडलेले हॅरी आणि मेगन यांचा, उपराष्ट्राध्यक्षांच्या निमंत्रणावरून झालेला, कोलंबियाचा खासगी दौरा’. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘हॅरी-मेगन यांचा खासगी कोलंबिया दौरा’ आणि बाकीचे पहिल्या परिच्छेदात.

याच विषयावर लिहिताना आणखी दोन चुका वारंवार होतात, म्हणून जाता जाता. जानेवारी २०२० मध्ये दोघांनी ‘सीनियर’ सदस्य म्हणून मागे सरकण्याचे जाहीर केले, त्याचे ‘ज्येष्ठ सदस्य’ असे मराठी करू नये. हॅरी तेव्हा ३५ वर्षांचे होते आणि मराठीत ज्येष्ठ म्हटले की वयच आठवते. ‘आघाडीचे सदस्य’ म्हणावे. आणि ‘युवराज हॅरी’ कधीच नाही. युवराज म्हणजे गादीचा पुढचा वारस, ते विल्यम आहेत. हॅरींना राजपुत्र म्हणावे किंवा सरळ प्रिन्स हॅरी.