मध्यस्थ म्हणावं की लवाद?

प्रश्न असा आला आहे: गावपातळीवर तंटे मिटवायला बसणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी मराठी पुस्तिका तयार होते आहे. त्यात ‘मीडिएटर’ला मध्यस्थ म्हणावं की लवाद? आणि तडजोड, समेट, दिलजमाई हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालेल का?

मध्यस्थच म्हणा. निर्णय कुणाच्या हातात आहे, एवढं पाहिलं की गोंधळ उरत नाही. लवाद दोन्ही बाजू ऐकून स्वतः निवाडा देतो आणि तो पक्षकारांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. काय मान्य करायचं ते भांडणारेच ठरवतात. शिवाय कृष्णा पाणीतंटा लवाद, राष्ट्रीय हरित लवाद अशा नावांमुळे ‘लवाद’ म्हटलं की लोकांना समोर न्यायासन दिसतं. तुमच्या कार्यकर्त्याला ती खुर्ची देऊ नका.

‘मध्यस्थ’लाही अडचण आहेच. जागेच्या जाहिरातीत ‘मध्यस्थ नकोत’ म्हणजे दलाल नकोत. आणि ‘पाटलांनी मध्यस्थी केली’ यात बऱ्याचदा पाटलांचं वजन कामी आलेलं असतं. म्हणून पहिल्याच बैठकीत बोलायचं वाक्य पुस्तिकेत ठळक छापा: ‘मी निवाडा देणार नाही. तुम्ही दोघं जे कबूल कराल तेच लिहिलं जाईल.’ व्याख्येपेक्षा या दोन ओळींचा उपयोग जास्त.

कायद्याची भाषाही हाच भेद पाळते. 1996 चा कायदा लवादाचा आणि समेटाचा. मध्यस्थतेचा स्वतंत्र कायदा 2023 चा. त्यात सामुदायिक मध्यस्थतेसाठी तीन मध्यस्थांचं मंडळ सांगितलं आहे, पण त्या मार्गाने झालेल्या समझोत्याची न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होत नाही. गावकऱ्यांना हे आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर सही केलेल्या कागदावर ते भलताच भरवसा ठेवतील. या कायद्याची सगळी कलमं एकदम लागू झाली नव्हती. छापण्यापूर्वी सद्यःस्थिती वकिलाकडून तपासून घ्या.

आता उरलेले शब्द. तडजोडीत दोघांनी काही सोडलेलं असतं. समेट म्हणजे भांडण थांबलं. दिलजमाई त्याच्या बरीच पुढची. बांधाच्या वादात मोजणी करून तडजोड होते, पण दोन भाऊ एकमेकांच्या घरची पायरी चढत नाहीत, तोवर दिलजमाई झाली असं लिहू नये. वर्तमानपत्रं हा शब्द फार स्वस्तात वापरतात, याचं मला वाईट वाटतं. सलोखा ही टिकून राहणारी स्थिती. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी किमान बारा वर्षांची अदलाबदल नाममात्र शुल्कात नोंदवून देणाऱ्या राज्य सरकारच्या 2023 च्या योजनेला ‘सलोखा’ हे नाव म्हणूनच शोभतं.

शिष्टाई मात्र टाळा. कृष्ण शिष्टाईला गेला तो पांडवांचा दूत म्हणून, तटस्थ म्हणून नव्हे. रदबदलीही एकाच्याच बाजूने होते. मांडवलीला तर धाकदपटशाचा वास आहे.

‘कॉन्फ्लिक्ट’साठी सरसकट ‘संघर्ष’ नको. चळवळीत तो अभिमानाचा शब्द आहे, तो ‘मिटवायचा’ म्हटलं तर कार्यकर्तेच बिचकतील. ‘तंटा’ घ्या, 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने तो घरोघरी पोचवला आहे. जिथे भांडण नाही, फक्त सगळ्यांना बोलतं करायचं आहे, तिथे बैठक चालवणाऱ्याला संस्थांमध्ये रुळलेला ‘सुलभक’ ठीक. गावात ‘बैठक चालवणारा’ एवढंच पुरे.