रस्त्यावरचा बर्फ आणि मिठाची मर्यादा

प्रश्न : थंड प्रदेशांत रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. कडाक्याच्या थंडीत त्याचा उपयोग होत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. पाण्यात मीठ विरघळले की त्याचा गोठणबिंदू खाली उतरतो आणि मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के असेल, तेव्हा तो उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. मात्र हा झाला प्रयोगशाळेतला आकडा. रस्त्यावर बर्फ वितळत जातो तसतसे द्रावण पातळ होते. त्यामुळे रस्त्याचे तापमान उणे ९-१० अंशांच्या खाली गेले की साधे मीठ इतके मंदावते की ते टाकणे जवळजवळ वायाच जाते. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड वापरतात किंवा वाळू पसरतात. वाळू काही वितळवत नाही, चाकांना पकड तेवढी देते.

आमच्या मते प्रमाणापेक्षा वेळ महत्त्वाची. हिमवृष्टीपूर्वीच मिठाचे पाणी फवारले, तर बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही आणि पुढे पाते लावलेल्या गाडीने तो सहज खरवडता येतो. मिठाचे कोरडे खडे मात्र पडताच उसळून कडेला जातात, म्हणून ते पसरतानाच ओले करतात. पुलांकडे आधी लक्ष द्यावे लागते, कारण खालूनही गार वारा लागत असल्याने ते लवकर गोठतात. मिठाचा अतिरेक मात्र महागात पडतो : मिठातल्या क्लोराइडमुळे काँक्रीटमधील सळ्या गंजतात आणि ते भूजलात उतरले की सहजासहजी निघत नाही.