फोर्ट कोचीत एकच दिवस आहे? मग हे एवढं करा

पहिल्यांदाच जात असाल, तर आधी यादी छोटी करा. एका दिवसात मुन्नार किंवा अलेप्पीही कोंबणं ही नवख्यांची नेहमीची चूक. दिवस गाडीतच जातो.

एर्नाकुलमहून, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागातून, टॅक्सी नको, बोटीने या. तिकीट स्वस्त आणि बंदर पाण्यातून दिसतं.

सकाळी लवकर किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी जा. दोरांना बांधलेल्या दगडांच्या वजनावर ते अवाढव्य जाळं माणसं कशी वरखाली करतात, हे निवांत उभं राहून बघा. आम्ही दोघं तिथे तासभर रेंगाळलो होतो. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. 1524 मध्ये वास्को द गामाला तिथेच पुरलं होतं, पुढे अवशेष लिस्बनला नेले.

दुपारी ऊन आणि दमटपणा फार, तेव्हा चालू नका. जेवा, आराम करा, मग रिक्षाने शेजारच्या मट्टानचेरी भागात जा.

वार मात्र नक्की तपासा:
- मट्टानचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. आतली रामायणाची भित्तिचित्रं चुकवू नका.
- 1568 चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि आत पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या बघा, प्रत्येकीवरची नक्षी हाताने रंगवलेली आहे.

वेळ उरला तर चेरलाईतलं तिरुमल देवस्वम. गोव्याहून आलेल्या कोकणी कुटुंबांचं देऊळ, आसपास कोकणी कानावर पडेल. आपल्याला बरीचशी कळतेसुद्धा!

संध्याकाळ मोकळी ठेवा. किनाऱ्यावर फक्त बसा.