बेडकाच्या भ्रूणात डीएनएची प्रत एकदाच कशी निघते?

प्रश्न : झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणातील पेशी सुरुवातीला दर अर्ध्या तासाने विभागतात. एवढ्या वेळात साऱ्या डीएनएची प्रत कशी निघते, आणि एखादा भाग दोनदा उतरणे किंवा राहून जाणे कसे टळते?
– बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : पहिल्या विभाजनाला सुमारे ९० मिनिटे लागतात; पुढची ११ मात्र अर्ध्या-अर्ध्या तासाने उरकतात. या काळात प्रत काढणारी विकरे काही जादा वेगाने धावत नाहीत. प्रत सुरू होण्याची ठिकाणेच फार दाट, म्हणजे साधारण दर ५ ते १५ हजार बेसजोड्यांवर (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांवर) असतात.

दोनदा प्रत न निघण्याचे कारण असे की, आरंभाच्या ठिकाणांना प्रत काढण्याचा परवाना देणे आणि प्रत्यक्ष काम सुरू करणे या दोन पायऱ्या पेशीचक्राने वेगळ्या ठेवलेल्या असतात. विभाजन संपताना जेमिनिन हे प्रथिन निष्क्रिय होते, त्यामुळे मोकळे झालेले सीडीटी१ हे प्रथिन डीएनएवर एमसीएम ही डीएनएची वीण उलगडणारी प्रथिने बसवते; हाच परवाना. नंतर केंद्रक तयार झाल्यावर सायक्लिन-ई आणि सीडीके२ या प्रथिनांची जोडी त्यांना कामाला लावते, पण तोवर जेमिनिन पुन्हा सक्रिय होऊन सीडीटी१ला जखडते व नवा परवाना मिळत नाही. १९८८ मध्ये ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी प्रत निघून गेलेली केंद्रके अंड्यांच्या ताज्या अर्कात ठेवली, तेव्हा दुसरी प्रत निघाली नाही; केंद्रकाचे आवरण सच्छिद्र केल्यावर मात्र ती निघाली, म्हणजे परवाना देणारे काहीतरी आवरणाबाहेर अडून राहत असावे. परवान्याची कल्पना या सुरेख प्रयोगातूनच पुढे आली.

राहून जाणाऱ्या भागाबाबत मात्र आपण समजता तेवढी दक्षता येथे नसते. औषधाने प्रत रोखली तरी सुरुवातीच्या भ्रूणपेशी विभागतच राहतात, कारण काम पूर्ण झाले की नाही हे पाहून चक्र थांबवणारी यंत्रणा तेव्हा प्रभावी नसते. सारी भिस्त दाट आरंभस्थानांवर आणि अंड्यातच साठवलेल्या मुबलक प्रथिनांवर असते.

हा साठा वाढत नाही, डीएनए मात्र प्रत्येक विभाजनात दुप्पट होतो. म्हणून बाराव्या विभाजनानंतर, सुमारे ४ हजार पेशी झाल्यावर, कट५, रेकक्यू४, ट्रेस्लिन आणि डीआरएफ१ ही प्रत सुरू करणारी प्रथिने अपुरी पडतात, प्रत मंदावते आणि चक्र लांबते. २०१३ मध्ये संशोधकांनी भ्रूणात या चौघांचे प्रमाण मुद्दाम वाढवले, तेव्हा जलद विभाजने आणखी काही काळ चालू राहिली आणि भ्रूणाची स्वतःची जनुके कामाला लागण्यासही उशीर झाला.