पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत मरण पावलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन सैनिक कोण? तो तिथे पोहोचलाच कसा?

जेम्स मार्टिन, 21वी बटालियन. मृत्यूच्या वेळी वय 14 वर्षे 9 महिने. यापेक्षा लहान कुणाची नोंद सापडलेली नाही. एप्रिल 1915 मध्ये मेलबर्नला त्याने वय 18 सांगितलं. एकविशीच्या आतल्यांना आईवडिलांची लेखी संमती लागे, जन्मदाखला मात्र कुणी मागत नसे. परवानगी दिली नाही तर खोट्या नावाने जाईन, अशी धमकी त्याने दिली, म्हणून आईने नाइलाजाने सही केली. बिचारीपुढे दुसरा मार्गच नव्हता.

2 सप्टेंबरला त्याला गॅलिपोलीकडे नेणाऱ्या ‘साउथलँड’ जहाजावर टॉर्पेडो आदळला. मार्टिन सुमारे चार तास पाण्यात होता, तरी आठवड्याच्या आत खंदकात हजर! त्याला गोळी लागलीच नाही. उघडी प्रेतं, माश्या आणि दूषित पाणी यांमुळे तिथे विषमज्वर पसरला होता. तोही तापाने फणफणला, पण खंदक सोडेना. 25 ऑक्टोबरला ‘ग्लेनार्ट कॅसल’ या इस्पितळ-जहाजावर त्याला हलवलं आणि त्याच संध्याकाळी हृदय बंद पडून तो गेला. दफन समुद्रात झालं, म्हणून कबर शोधू नका. नाव गॅलिपोलीतल्या लोन पाइन स्मारकावर आहे.

त्याची सेवा-नोंद ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ऑनलाइन फुकट वाचता येते. शोधताना सेवा क्रमांक 1553 टाका, आणि तिथलं वय खरं धरू नका.