विगला खोबरेल नको, गच्चीवरचं ऊनही नको

तुम्ही लिहिलंय की आईंच्या केमोच्या वेळी खऱ्या केसांचा विग घेतला आणि चार महिन्यांत तो मानेपाशी गुंतायला लागला. रंग तांबूस झाला, कंगव्यात केस येतायत, दुकानदार हात वर करतोय. आईंचं म्हणणं, दर रविवारी खोबरेल चोपडून, न्हाऊ घालून गच्चीवर वाळवते, तरी असं कसं? त्यात महिन्यावर नातवाची मुंज आलीय.

‘तरी’ नाही हो, म्हणूनच. आईंना रागावू मात्र नका. मीही हेच केलं होतं. मला अ‍ॅलोपेशिया, म्हणजे केस गळण्याचा आजार आहे, अकरा वर्षं विग वापरतेय आणि हा पाचवा. पहिले दोन माझ्याच हातांनी गेले.

आपल्या डोक्यावरच्या केसाला मुळाशी तेल मिळत राहतं, आणि तो गेला तर मागून दुसरा येतो. विगमधला केस गेला की गेला. चांगल्या विगमध्ये जाळीच्या बेसवर सुईने एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो. तेल त्या गाठींत उतरतं, गाठी सैल होतात आणि केस निसटतात. मग तेल काढायला शाम्पू जास्त, चोळणं जास्त. तांबूस रंगाचं कारण ऊन. विगच्या केसांना बहुधा वरून रंग दिलेला असतो आणि तो उन्हात उडतो. तेल आजपासून बंद, वाळवायचं घरात, पंख्याखाली.

गुंता होण्यात थोडा दोष मालाचाही असू शकतो. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. तिरुपतीसारख्या देवस्थानांत मुंडण केलेले केस जुडी बांधून ठेवतात, म्हणून सगळे खवले एका दिशेला राहतात. हा ‘रेमी’ माल, महाग. दुसरा माल म्हणजे आपली गुंतवळ. आठवतंय ना, केसांवर भांडी देणाऱ्या बायका दारावर यायच्या? ते केस उलटसुलट मिसळलेले, खवल्यात खवला अडकतो. म्हणून आम्लात खवले उतरवून वर सिलिकॉनचा हात देतात. दुकानात असा विग रेशमासारखा लागतो, काही धुण्यांत सिलिकॉन गेलं की पुन्हा गुंतवळ ती गुंतवळच. तुमचा कुठला ते बघायचं तर दोन-चार केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे आणि मग उलट बोटं फिरवा. सगळे केस एकाच बाजूने खरखरीत लागले तर रेमी. दोन्हीकडून गुळगुळीत लागले तर खवले उतरवलेले आहेत.

मानेपाशीच गुंता का? घाम, ब्लाउजची कड, मंगळसूत्र, ओढणी, सगळं तिथेच घासतं. सोडवायला निवांत तासभर काढा. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर घालून ते टोकांवर मारा. करंगळीएवढी बट घ्यायची, गुंत्याच्या वर दोन बोटांत घट्ट धरायची (ताण बोटांवर यावा, जाळीवर नाही) आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून अर्धा-अर्धा इंच वर सरकायचं. वरून खाली एकदम ओढलंत की गाठीसकट केस हातात. अगदी नमदा झालेला पुंजका असेल तर आतल्या थरातला तेवढाच कात्रीने काढा. कोणाला दिसत नाही, मी काढलाय.

धुणं दर रविवारी नको. आपल्या उकाड्यात आठ-दहा वेळा घातल्यावर एकदा पुरे. आधी विंचरायचा. मग घमेल्यात गार पाणी, त्यात सल्फेट नसलेला शाम्पू दोन चमचे विरघळवून विग पाच मिनिटं बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, केसांच्या दिशेने फक्त हात फिरवायचा. जाळीची आतली कड, जिथे घाम आणि क्रीम साचतं, ती बोटाच्या पेराने हलकेच. कंडिशनर मधल्यापासून खाली, गाठींना लावू नका. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे म्हणालात, त्याचे क्षार बसून केस झाडूसारखे होतात. शेवटचं पाणी तरी फिल्टरचं घ्या. मी महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालते, मग साध्या पाण्यातून काढते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. वाळवायला स्टँड नसेल तर उंच बरणी चालेल, पण ती डोक्यापेक्षा बारीकच हवी. ओली जाळी ताणली की ताणलेलीच राहते.

हे सगळं खऱ्या केसांचं. रोजच्या वापराला सिंथेटिक घेतलात (घ्याच, म्हणजे खऱ्या केसांचा जास्त टिकतो), तर त्याला उष्णतेपासून जपा. माझ्या पहिल्या विगची कपाळावरची बट ओव्हनचं दार उघडून वाकले तेव्हा एका क्षणात भाजल्या शेवयांसारखी झाली. ती परत सरळ होत नाही. कुकर उघडताना, फोडणी देताना डोक्याला सुती स्कार्फ.

केमोनंतरची त्वचा नाजूक असते, त्यामुळे टेप किंवा गोंद डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आत पातळ सुती टोपी, ती रोज धुतलेली. रात्री विग काढायचा. आईंना घरातही तो उतरवावासा वाटत नसेल, पहिलं वर्षभर मलाही नाही वाटलं. तेव्हा घरात मऊ स्कार्फ बांधायची सवय लागू दे.

रंगाचं म्हणाल तर पार्लरमध्ये गडद करून मिळतो, फिका नाही. विगवर हात बसलेली बाई शोधा, काळी मेंदी अजिबात नको, आणि रंग जाळीला लागू देऊ नका. हे मुंजीच्या दोन आठवडे आधी उरका, म्हणजे बिघडलं तर निस्तरायला वेळ राहील.

मुंजीच्या दिवशी आई औक्षण करतील तेव्हा निरांजनावर वाकणार नाहीत एवढं कोणीतरी शेजारी उभं राहून बघा. अक्षता केसांत अडकतीलच. घरी आल्यावर विग उतरवून त्या बोटांनी एकेक वेचा, झटकू नका.