गुलाबी जर्सीमागचे सात जण

मागच्या अंकात आम्ही जिरो दितालियाबद्दल प्रश्न मागवले होते, म्हणजे मे महिन्यात तीन आठवडे चालणारी इटलीतली ती मोठी सायकल रेस. भरपूर आले. सारखे होते ते एकत्र केलेत. आणि जिरो म्हणजे शून्य नाही बरं का, इटालियनमध्ये जिरो म्हणजे फेरी, आपण प्रदक्षिणा म्हणू तसं.

दादा, ज्याने फिनिश लाइन पहिली ओलांडली तोच जिंकला ना? मग मंचावर गुलाबी जर्सी दुसऱ्यालाच का घालतात? मी नववीत आहे. (एक विद्यार्थी, कराड)

कारण तिथे एकाच वेळी दोन हिशोब चालू असतात. रोजची रेस वेगळी, तिला स्टेज म्हणतात, आणि अशा २१ स्टेज. त्या दिवशी पहिला आला तो स्टेज जिंकला, पण प्रत्येकाला रोज किती वेळ लागला तो लिहून ठेवतात आणि बेरीज करत जातात, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो गुलाबी जर्सी घालतो. २०२५ ला सायमन येट्स आख्खी जिरो जिंकला, आणि त्या तीन आठवड्यांत त्याने एकही स्टेज जिंकली नव्हती!

घोळका एकत्र आला तर सगळ्यांना एकच वेळ देतात, म्हणून सपाटीच्या दिवशी बेरजेत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो घाटात आणि टाइम ट्रायलमध्ये, तिथे एकेकट्याने घड्याळाशी शर्यत लावायची असते. शिवाय स्टेजच्या पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंद बक्षीस म्हणून बेरजेतून कमी करून मिळतात. तुला वाटेल सहा सेकंदांनी काय होतंय, तर २०२० ला २० स्टेज संपल्यावर ताओ गेगन हार्ट आणि जय हिंडली यांच्यात एका सेकंदाचाही फरक नव्हता, शेवटच्या दिवशी मिलानच्या टाइम ट्रायलमध्ये निकाल लागला, ताओ ३९ सेकंदांनी जिंकला.

पहिल्या जिरोत, १९०९ ला, वेळेची बेरीज नव्हतीच, नंबराप्रमाणे पॉइंट होते. १३ मेच्या पहाटे तीनला सात मिनिटं कमी असताना मिलानहून १२७ जण निघाले, ८ स्टेज, आणि परत पोचले फक्त ४९. जिंकला लुईजी गान्ना, पूर्वी गवंडीकाम करणारा. वेळ मोजली असती तर रोसिन्योली नावाचा गडी पहिला आला असता.

आणि आपल्या मुंबई-पुणे रेसमध्ये घाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात ना, तशी तिथे निळी जर्सी असते.

गुलाबीच का? पुरुषांच्या रेसला गुलाबी रंग बघून आमच्याकडे सगळ्यांना नवल वाटलं. (वाचक, नाशिक)

ही रेस सुरू केली ला गॅझेटा देल्लो स्पोर्ट या पेपरने, आणि तो पेपर गुलाबी कागदावर छापतात, आजही. १९३१ पासून पुढे असणाऱ्याला त्याच रंगाची जर्सी द्यायला लागले, पहिली लेआर्को ग्वेर्राला मिळाली. इटलीत तो रंग अंगावर एक दिवस जरी चढला तरी गावात आयुष्यभर नाव निघतं.

बक्षीस एकालाच, मग आठ-आठ जणांच्या टीम कशाला? आमच्या घरी यावरून वाद झाला, मिसेस म्हणतात बाकीचे सात नुसतेच फिरायला येतात. (वाचक, पुणे)

वहिनींना सांगा की ते सात जण नसतील तर तो एक पहिल्या आठवड्यातच घरी जाईल. हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे त्यामुळे उत्तर लांबणार.

वाऱ्याच्या दिवशी मित्राला घेऊन मोकळ्या रस्त्यावर जा. आधी तुम्ही पुढे रहा, मग त्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवा. पाय एकदम हलके होतात, कानातला वाऱ्याचा आवाजसुद्धा बंद होतो. समोरचा वारा कापतो आणि मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. आता हेच रोज पाच तास, तीन आठवडे धरा. लीडरला फक्त शेवटच्या घाटात ताकद लावायची असते, तोपर्यंत वारा खायचं काम या सात जणांचं. इटालियनमध्ये त्यांना ग्रेगारिओ म्हणतात. ते मागे टीमच्या गाडीपाशी जातात, पाठीवर, पोटावर, जर्सीत मावतील तिथे पाण्याच्या बाटल्या कोंबतात आणि तेवढं वजन घेऊन परत जोर मारून पुढे येऊन वाटतात, पाच मिनिटांत बाटल्या रिकाम्या, की पुन्हा मागे. लीडरचं चाक पंक्चर झालं आणि गाडी लांब असली तर आपलं चाक काढून देतात, कधीकधी आख्खी सायकल, आणि स्वतः रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभे राहतात.

फाउस्तो कोप्पी जिरो पाच वेळा जिंकला. त्याच्या टीममध्ये आंद्रेआ कार्रेआ म्हणून एक ग्रेगारिओ होता. १९५२ च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या अशाच मोठ्या रेसमध्ये, लोझानच्या स्टेजला पुढे एक ग्रुप सुटला, कार्रेआ त्यात गेला तो कोप्पीच्या वतीने लक्ष ठेवायला, आणि त्या ग्रुपला इतका वेळ मिळाला की संध्याकाळी सांगितलं, पिवळी जर्सी (जिरोत गुलाबी तशी तिथे पिवळी) तुझी. तर हा माणूस रडायला लागला. आनंदाने नाही हो, लीडरच्या आधी आपण जर्सी घातली, कोप्पीला काय वाटेल या भीतीने. दुसऱ्या दिवशी आल्प दुएझच्या घाटात कोप्पीने ती जर्सी घेतली तेव्हा कुठे कार्रेआचा जीव भांड्यात पडला. मला जिंकणाऱ्यांच्या शंभर गोष्टी पाठ आहेत पण ही आठवली की अजून गलबलून येतं.

हे जुन्या काळातलंच नाही. २०२५ ची विसावी स्टेज घ्या, वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट, साडेअठरा किलोमीटरची चढण आणि वरचे आठ किलोमीटर डांबरच नाही, माती आणि खडी. याच घाटाने २०१८ ला सायमन येट्सचं होत्याचं नव्हतं केलं होतं, १३ दिवस गुलाबी जर्सी घालून तो इथे कोसळला आणि त्या एका दिवसात ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला, तर क्रिस फ्रूम इथूनच सुटला, ८० किलोमीटर एकटा गेला आणि जिरो घेऊन गेला. सात वर्षांनी तोच घाट, येट्स तिसरा, पुढे मेक्सिकोचा २१ वर्षांचा इसाक देल तोरो १ मिनिट २१ सेकंदांनी. येट्स घाटात सुटला. देल तोरो आणि इक्वादोरचा कारापाझ एकमेकांकडे बघत बसले, तू ओढ, नाही तू ओढ. आणि घाटाच्या पलीकडे येट्ससाठी कोण थांबलंय तर वाउट व्हॅन आर्ट! बेल्जियमचा, स्वतः एवढा मोठा रायडर, दुसऱ्या कुठल्याही टीममध्ये लीडर झाला असता. तो सकाळीच पुढच्या ग्रुपमध्ये गेला होता ते याचसाठी, आणि खालच्या दरीत तोंडावर वारा घेत येट्सला सेस्त्रिएरेच्या, म्हणजे फिनिशच्या दिशेने जीव तोडून ओढत नेलं आणि मग बाजूला झाला. येट्स ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिरो जिंकला. लाइनवर पोचल्यावर तो रडला, मी पण घरी रडत होतो.

आल्प्समध्ये बर्फ पडतो तेव्हा रेस थांबवतात का? आम्ही पावसाळ्यात ताम्हिणी केला तर बोटं बधिर झाली, ब्रेक दाबता येईना. (महिला वाचक, ठाणे)

आता हवामान फारच खराब असलं तर रस्ता बदलतात, स्टेज छोटी करतात. पूर्वी नाही. ५ जून १९८८ ला गाविया नावाच्या घाटात, २६०० मीटरच्या वर, हिमवादळात रेस तशीच चालू ठेवली, रस्ता कच्चा, चिखलाचा. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या टीमने आधीच बर्फातले जाड हातमोजे, टोप्या विकत घेऊन ठेवल्या होत्या, अंगाला ग्रीस फासलं, घाटात गरम चहा हातात दिला. त्याच दिवशी डच रायडर योहान व्हॅन डर वेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत माथ्यावर पहिला पोचला होता, आणि उतारावर इतका गारठला की थांबावं लागलं, शेवटी ४७ मिनिटं मागे आला. हॅम्पस्टनने त्या दिवशी गुलाबी जर्सी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

तुम्हाला जे झालं तेच आहे हे, चढताना अंग गरम असतं म्हणून कळत नाही, उतारावर घात होतो. यावर जुना उपाय म्हणजे माथ्यावर उभ्या लोकांकडून वर्तमानपत्र घ्यायचं आणि जर्सीच्या आत छातीवर सारायचं, वारा अडतो. ताम्हिणीलाही चालतो, मी नेहमी एक जुना पेपर जवळ ठेवतो.

विचारू की नको असं झालं होतं, पण पाच-सहा तास सायकलवर म्हणजे जेवण आणि लघवीचं काय? (वाचक, सोलापूर)

विचारायलाच पाहिजे, सगळ्यांच्या मनात असतं. स्टेजच्या सुरुवातीला पुढचा ग्रुप सुटला आणि जरा निवांत झालं की बरेच जण एकत्रच कडेला थांबतात, त्या वेळी कोणी पळायचं नाही असा अलिखित नियम आहे. काही जण चालत्या सायकलवरूनच उरकतात, मित्र पाठीला हात लावून ढकलत असतो. खाण्याचं म्हणाल तर ठरलेल्या जागी टीमची माणसं खांद्यावर अडकवायची कापडी पिशवी घेऊन उभी असतात, रायडर ती वेगातच उचलतो. आत जेल, बार, आणि भाताच्या वड्या, हो, आपला भातच, गोड करून थापलेला! तासाला ९० ग्रॅम किंवा जास्तच कार्बोहायड्रेट पोटात जातं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, ही गोष्ट आपल्या शंभर किलोमीटरच्या राइडलाही तितकीच लागू आहे.

जिरोत कधी बाई उतरली आहे का? माझी मुलगी सायकलिंग करते, तिला सांगायला हवंय. (एक आई, बेळगाव)

उतरली आहे, पुरुषांच्याच रेसमध्ये, १९२४ ला. अल्फोन्सिना स्ट्राडा. त्या वर्षी पैशांवरून वाद होऊन मोठे रायडर आले नव्हते, आयोजकांना गर्दी ओढणारं काहीतरी हवं होतं, त्यामुळे तिला प्रवेश मिळाला, पण यादीत नाव छापलं अल्फोन्सिन, शेवटचा स्वर गाळून, म्हणजे बाई की पुरुष कळू नये. १२ स्टेज, एकूण ३६०० किलोमीटरच्या वर, त्या काळचे रस्ते आणि त्या काळच्या जड सायकली. लाक्विला ते पेरुज्याच्या स्टेजला पाऊस-वाऱ्यात ती पडली आणि हँडल मोडलं, तर तिने केरसुणीचा दांडा मिळवून तो हँडलच्या जागी बसवला आणि निघाली. एका हाताला मोडका पाइप आणि एका हाताला लाकडी दांडा धरून डोंगरातला ओला रस्ता उतरायचा, डोळ्यासमोर आणून बघा नुसतं. पोचली तेव्हा वेळेची मर्यादा संपलेली, नियमाप्रमाणे बाद. पण लोकांना ती इतकी आवडली होती की आयोजकांनी तिला निकालात न धरता पुढे चालू दिलं, आणि ती मिलानपर्यंत गेली. ९० जण निघाले होते, निकालात उरले ३०. तरी पुढच्या वर्षी तिला प्रवेश दिला नाही, याचा मला आजही राग येतो. बायकांची स्वतंत्र जिरो सुरू व्हायला १९८८ साल उजाडलं. २०२४ आणि २०२५ ला ती एलिसा लोंगो बोर्गिनीने जिंकली, तुमच्या लेकीला तिच्या रेस जरूर दाखवा.

मेहुणे म्हणतात हे सगळे औषधं घेऊनच चालवतात, बघायचं कशाला. (वाचक, नागपूर)

मेहुण्यांचा राग मला कळतो. मार्को पांतानी १९९८ ला जिरो आणि टूर दोन्ही जिंकला, १९९९ ला पुन्हा गुलाबी जर्सीत होता, जिरो संपायला दोन दिवस, आणि ५ जूनच्या सकाळी मादोन्ना दी कांपील्योला रक्ततपासणीत तांबड्या पेशींचं प्रमाण, जे औषधाने वाढवता येतं, ५० टक्क्यांच्या मर्यादेच्या वर निघालं. बाहेर काढला. त्यातून तो सावरलाच नाही, फेब्रुवारी २००४ मध्ये रिमिनीच्या हॉटेलात एकटा मेला, वय ३४. तो खेळाचा फार वाईट काळ होता आणि ते लपवून उपयोग नाही. २००८ पासून प्रत्येक रायडरच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवतात, एका तपासणीत नाही तर बदलात चोरी दिसते. सगळं स्वच्छ झालं असा दाखला मी देणार नाही. पण सगळेच चोर असंही म्हणणार नाही, ज्या पोराने पाण्याच्या बाटल्या वाहण्यात उमेद घालवली त्याच्यावर तो अन्याय होईल.

पहिल्यांदाच बघणार आहे. किती वाजता बघू, कुठला दिवस निवडू? आणि शेवटी येणाऱ्याचं काय होतं? (वाचक, रत्नागिरी)

तिसऱ्या आठवड्यातला घाटाचा एखादा दिवस निवडा. तिथे संध्याकाळी पाचच्या आसपास फिनिश असतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ, सातला बसलात तरी शेवटचा घाट पूर्ण मिळतो.

शेवटच्याला पूर्वी चक्क जर्सी होती, काळी, १९४६ ते १९५१. बक्षीसही होतं, त्यामुळे मागे राहायची चुरस लागायची! लुईजी मालाब्रोक्का हा त्यातला उस्ताद, बारमध्ये लपायचा, धान्याच्या कोठारात लपायचा, १९४६ आणि १९४७ ला शेवटचा आला. १९४९ ला मात्र शेवटच्या दिवशी तो इतका रमतगमत आला की वेळ घेणारे कंटाळून निघून गेले होते, त्यांनी त्याला घोळक्याचीच वेळ लावून टाकली आणि काळी जर्सी गेली सांते कारोल्लोकडे.

आता काळी जर्सी नाही, वेळेची मर्यादा आहे. पहिला आल्यापासून ठराविक वेळात पोचला नाही तर दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येत नाही. म्हणून घाटाच्या दिवशी मागे पडलेले सगळे, स्प्रिंटर (सपाटीवर शेवटी सुसाट सुटणारे), आजारी, काल पडून खरचटलेले, वेगवेगळ्या टीमचे, एकत्र येतात, हिशोब करतात की किती मिनिटं हातात आहेत, आणि एकमेकांना ओढत वर नेतात. त्याला ग्रुपेत्तो म्हणतात. त्यामुळे पहिल्याने हात वर केले की टीव्ही बंद करू नका, अजून अर्धा-पाऊण तास थांबा. पानावर भात तसाच राहिला असेल तर राहू दे, ते यायचेत अजून.